कुसात्सूच्या नाकाई-सान, जोडवी सुखरूप आहेत

नाकाई-सान,

तुमच्या सरायीत पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या बाईंना नाकाई म्हणतात, म्हणून तुम्हाला हीच हाक. निघताना खोलीत ठेवलेल्या कार्डावर माझ्या मोडक्या जपानीत ‘फार फार आभार’ एवढंच लिहिता आलं. बाकीचं मला मराठीतच सुचतं. तुम्हाला हे वाचता येणार नाही, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

जानेवारीत तोक्योच्या निशी-कासाईहून आम्ही चौघं तुमच्या कुसात्सूला, ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, आलो होतो. मी, नवरा, पाच वर्षांची लेक आणि राजापूरहून आलेली माझी आई. आईला ऊन पाण्याचं अप्रूप नव्हतं. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या ऊन झऱ्यावर ती लहानपणापासून जातेय. तिची धास्ती वेगळीच. “सगळ्यांसमोर? काहीही न नेसता?” बसमध्ये मी तिची समजूत काढून दमले. तुम्ही दारात तिचा चेहरा पाहिलात आणि मी तोंड उघडायच्या आत घरच्यांपुरत्या न्हाणीघराची पाऊण तासाची वेळ आमच्या नावावर लावून टाकलीत.

मग तुमची नजर लेकीच्या पैंजणांवर गेली. कुसात्सूचं पाणी जवळजवळ लिंबाच्या रसाइतकं आंबट, त्यात गंधकाचा वायू. चांदी बघता बघता काळी पडते. हे आम्हाला कुठे ठाऊक! तुम्ही कापूस घातलेली डबी आणलीत, पैंजण आत गेले. पण आईच्या पायातली जोडवी? “तुझे बाबा तिकडे ठणठणीत आहेत, मी नाही काढायची.” याचं जपानी भाषांतर मी काय करणार, कपाळ! मी नुसतं “नवरा... लग्न...” असं पुटपुटले. तुम्ही आत जाऊन पाणी न शिरणारी चिकटपट्टी घेऊन आलात, गुडघ्यांवर बसलात आणि आईची दोन्ही बोटं जोडव्यांसकट गुंडाळलीत. आई इतकी संकोचली की पाय मागे घेत होती. तिच्या वयाच्या बाईनं तिच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! तुम्ही मात्र हसत होतात.

जेवणाचाही घोळ होता. आई मासे खाते, पण आमचा मुक्काम नेमका सोमवारी. आज चालत नाही, उद्या चालतं, हे ऐकून तुम्ही क्षणभर थबकलात. तुमच्याकडच्या सुपातही सुक्या माशाचा अर्क असतो. आईसाठी कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ आणि शिताके म्हणजे अळंबी, यांचं वेगळं सूप आलं. आणि मंगळवारी सकाळी न सांगता तिच्या ताटात भाजलेला मासा! तो तिनं काट्यापर्यंत साफ केला.

लेकीला तुम्ही तीन बोटं दाखवून तीन मिनिटांत बाहेर काढलीत, वर साध्या पाण्यानं अंग धुवायला लावलंत. दुसऱ्या दिवशी बायका लांब फळ्यांनी ऊन पाणी ढवळून निववताना पाहिल्या. गार पाणी घातलं तर गुण जातो म्हणून हा खटाटोप. आई म्हणाली, “गुऱ्हाळात काकवी ढवळतात तशा गं.”

राजापूरला परतल्यावर तिनं जोडवी दंतमंजनानं घासली. पट्टीच्या कडेनं थोडं पाणी शिरलं होतंच. एका जोडव्याला आतून काळी रेघ राहिली आहे. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना ती मुद्दाम पाय पुढे करून दाखवते, आणि मग तुमची गोष्ट सुरू होते.

तुमची,
पैंजणवालीची आई