२८ नंबरची तार

दांडिया बाजार, वडोदरा

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "तांब्यात काटकसर करू नकोस, सरळ २४ नंबर घे," आणि तेवढ्यात फोन कटला, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते आहे. टेस्ला कॉइल म्हणजे उच्च व्होल्टेजच्या ठिणग्या पाडणारे यंत्र; त्याच्या सेकंडरीसाठी, म्हणजे उंच नळीवरच्या कॉइलसाठी, मी २८ नंबरची तार आणली आहे (नंबर मोठा तितकी तार बारीक). इंदूरच्या दुकानात आयुष्यभर मोटारींचे आणि पंख्यांचे रिवाइंडिंग केलेल्या माणसाला तारेचा नंबर सांगण्याचे धाडस होत नाही, पण या कॉइलचा हिशेब मोटारीपेक्षा निराळा आहे.

नळी ठरलेली आहे: ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप आणि त्यावर ५० सेंटिमीटर उंचीचे, एकाच थराचे, फेऱ्याला फेरा चिकटलेले वाइंडिंग. उंची बांधलेली असल्यामुळे तारेची जाडी ठरवली की फेरे आपोआप ठरतात. २४ नंबरची तार इनॅमलसकट (वरच्या विद्युतरोधक लेपासकट) साधारण ०.६१ मिलिमीटर भरते, म्हणजे सुमारे ८२० फेरे बसतात; २८ नंबरचे सुमारे १,१९० बसतात. दुसरा आकडा मी पुस्तकातून घेतलेला नाही. तुम्ही शिकवलेत तसे पेन्सिलीवर तार घट्ट गुंडाळून पट्टी लावली, तर एका सेंटिमीटरमध्ये चोवीसाला किंचित कमी फेरे आले.

आता तुम्ही विचाराल की फेरे वाढवून व्होल्टेज वाढवायचे आहे का. मलाही आधी तसेच वाटले होते, कारण लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फेऱ्यांच्या प्रमाणातच व्होल्टेज मिळते. येथे गाभा नाही आणि ते प्रमाण चालत नाही. प्रायमरीच्या, म्हणजे खालच्या मोजक्या फेऱ्यांच्या कॉइलच्या, कपॅसिटरमध्ये जेवढी ऊर्जा साठते तेवढीच फार तर वर पोहोचते, आणि वरच्या गोल कड्याची व कॉइलची मिळून धारकता (वीज साठवण्याची क्षमता) अगदी थोडी, माझ्या अंदाजाने २० पिकोफॅरडच्या आसपास असल्यामुळे तेथे व्होल्टेज चढते. फेऱ्यांचे काम कॉइलच्या विद्युत कंपनांची वारंवारता खाली आणण्याचे. २८ नंबरने इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला कॉइलचा होणारा विरोध) सुमारे ३१ मिलिहेन्री आणि वारंवारता २०० किलोहर्ट्झच्या जवळ येते. २४ नंबरने ती २९० च्या पुढे जाते. मग प्रायमरीही तेवढ्याच वारंवारतेला जुळवावी लागते, आणि माझ्याजवळच्या कपॅसिटरला त्यासाठी इतके थोडे फेरे उरतात की प्रवाह वाढून स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगीने प्रायमरीचे मंडल जोडणारी फट, आणखी ऊर्जा गिळते. खरी नासाडी त्या गॅपमध्येच होते. सेकंडरीच्या तांब्यात होणारी तिच्या मानाने किरकोळ असते.

रोधाचा तुमचा मुद्दा मात्र मी टाळत नाही. एकदिश प्रवाहाला २४ नंबरच्या कॉइलचा रोध सुमारे २० ओहम आणि २८ नंबरचा सुमारे ६४ ओहम. पण इतक्या वारंवारतेला प्रवाह तारेच्या कातडीतून, म्हणजे पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून, वाहतो. २०० किलोहर्ट्झला तांब्यात ती खोली जेमतेम ०.१५ मिलिमीटर असते, आणि वारंवारता चढली की आणखी कमी. जाड तारेच्या पोटातले तांबे त्यामुळे अर्धवट रिकामे बसते, शिवाय शेजारच्या फेऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र प्रवाहाला आणखी एका बाजूला ढकलते. कागदावरचा तिप्पट फायदा प्रत्यक्षात तेवढा उरत नाही, आणि तांबे मात्र ४०० ग्रॅमच्या जागी ६०० ग्रॅमच्या वर लागते, वजनावर विकत घेताना जे खिशाला जाणवते.

मग आणखी बारीक तार का नाही, याचे उत्तर मी किंमत मोजून शिकले. पहिली कॉइल पंख्याच्या ३६ नंबरच्या तारेची होती. हिशेबाने २,२०० हून जास्त फेरे हवे होते. सोळाशेच्या पुढे एक फेरा शेजारच्यावर चढला, तो नखाने खाली बसवायला गेले आणि तार तुटली. डाग देऊन जोडले, तर त्या गाठीवरून पुढचा एकही फेरा सपाट बसेना. शेजारच्या दोन फेऱ्यांत व्होल्टेजचा फरक थोडा असतो, पण फेरा चढला की दूरचे फेरे एकमेकांना टेकतात आणि नेमकी तेथेच ठिणगी पडून इनॅमल जळते. ती नळी मी सोलून टाकली. बाबा, तुम्ही असता तर गाठ पाहूनच हसला असता.

या खेपेला सुमारे ४१५ मीटर तार एकाच अखंड रिळातून निघेल याची दुकानात खात्री करून घेतली आहे. पाइपवरची छापील अक्षरे पॉलिश पेपरने घासली आणि पावसाळी दमट हवा आत राहू नये म्हणून उन्हात वाळवून आधीच वॉर्निशचा हात दिला.

आई, तुझी काळजी मला कळते. प्रायमरीचा कपॅसिटर जीवघेणा असतो, म्हणून वीज तोडून तो डिस्चार्ज केल्याशिवाय मी जवळ जात नाही, आणि एकटी असताना कॉइल चालूच करत नाही. आता तुझ्याकडे एक मागणे आहे. माळ्यावर फेरे मोजणारे ते हाताने फिरवायचे मशीन असेल, ज्यावर तू दुपारी बाबांसाठी पंख्यांची वाइंडिंगे भरायचीस. ते दादाबरोबर पाठव. मी बोलत बोलत फेरे मोजते आणि दर दोनशेनंतर चुकते. तू भाजी निवडणाऱ्या शेजारणींशी गप्पा मारतानाही कधी चुकली नाहीस. मशीनच्या दांड्यावर ११० मिलिमीटरचा पाइप बसण्यासाठी लाकडी चकत्या कराव्या लागतील, तर बाबांनी दांड्याची जाडी मायक्रोमीटरने मोजून कळवावी.

तुमची,
धाकटी