बॅक खेळणाऱ्यांनाही छापा

संपादक महोदय,

क्रीडा पानावर फुटबॉलचा फोटो नेहमी गोल मारणाऱ्याचाच. माझा पुतण्या स्टॉपर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध बचाव करणारा. वावराशेजारच्या मुरमाड मैदानावर घसरून घसरून गुडघे सोललेले, वर हळद थापलेली. पऱ्हाटीचं निंदण सोडून खेळतो म्हणून वहिनीची बोलणी वेगळीच. त्याला मी फुटबॉलपटू संदेश झिंगनचं सांगतो. चंदीगडचा पोरगा, सुरुवात युनायटेड सिक्कीम क्लबकडून. २०१४ च्या पहिल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) केरळ ब्लास्टर्स संघाचा बचाव सांभाळला अन् लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला, बचावपटू असून! अंतिम सामना मात्र भरपाई वेळेतल्या एकाच गोलानं गेला. अशा पोरांचे पहिले हंगाम सविस्तर छापा ना. पेपर आमच्याकडे दुपारच्या एसटीनं येतो, तरी पुतण्या कात्री घेऊन बसलेला असतो.

– एक शेतकरी काका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ