सिस्टर, तुम्ही अण्णांना विचारलेला तो एक प्रश्न

नमस्कार सिस्टर,

रोज एवढे पेशंट बघता, आम्ही कुठून लक्षात राहणार, पण अमळनेरकडचे टोपीवाले अण्णा, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ६ वर आलेलं, ते माझे वडील. वरून दुर्बीण झाली, खालून झाली, दोन्ही नॉर्मल आणि रक्त जातंय कुठून तेच सापडेना, कारण मधलं लहान आतडं चांगलं ५-६ मीटर लांब आणि त्या दुर्बिणी तिथे पुरत नाहीत, म्हणून जळगावला कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे आतून फोटो काढणारी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची तपासणी, सांगितली.

तुम्ही फॉर्म भरता भरता विचारलं, बाबा, गुडघ्यासाठी काही घेता का? अण्णांनी खिशातून अर्धी संपलेली स्ट्रीप काढली, दुखण्याची गोळी, वर्षानुवर्षं मेडिकलवरून आणतात. तुम्ही पेन खाली ठेवला आणि स्ट्रीप घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलात. खरं सांगतो, तेव्हा मला वैताग आला होता, पुन्हा एक चक्कर म्हणून. मग तुम्ही शांतपणे समजावलं की या गोळ्यांनी आतड्याला जखमा होतात, कधी जागा आकसते, आणि तिथे कॅप्सूल अडकली तर काढायला ऑपरेशनही लागू शकतं. त्यामुळे आधी सीटी झाला, मगच कॅप्सूल. हे आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं ओ.

रक्तवाढीच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवायला सांगितल्यावर आई घाबरलीच, रक्त कमी आणि गोळी बंद? त्या गोळीने आतडं काळं दिसतं, फोटो नीट येत नाहीत, हे तिला तुम्ही दोनदा सांगितलंत. आदल्या दिवशी नुसतं पातळ, रात्री पोट साफ करायचं औषध, सकाळी उपाशी.

कॅप्सूल अडीच सेंटीमीटरची, पुढे लाईट लुकलुकत होता. अण्णा हातात घेऊन बघतच बसले, म्हणे "हाई पोटमा अटकी गई ते?" तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात, एका घोटात गेली. मग आठ तास कमरेला पट्टा आणि रेकॉर्डर, बाजारात पैशाची पिशवी सांभाळावी तसा त्यावर हात ठेवून अण्णा व्हरांड्यात फिरत होते. दोन तासांनी पाणी, चार तासांनी थोडं हलकं खाणं.

कॅप्सूल धुऊन परत आणायची असते असंच ते धरून बसले होते, फोटो सगळे रेकॉर्डरमध्ये असतात, ती संडासवाटे पडली की टाकून द्यायची, हे ऐकून केवढा जीव हलका झाला त्यांचा! आणि गुडघ्याचा एमआरआय ठरलेला, तोही तुम्हीच थांबवलात, कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआयच्या मशीनजवळही जायचं नाही म्हणून.

रिपोर्टमध्ये लहान आतड्यात जखमा निघाल्या. कॅप्सूल फक्त दाखवते, तुकडा काढत नाही की इलाज करत नाही, पण कारण तरी कळलं. ती दुखण्याची गोळी बंद आहे, एचबी आता ११ आहे, आणि अण्णा स्वतः मेडिकलवाल्याला सांगून आलेत, मी मागितली तरी देऊ नको.

खूप खूप आभार सिस्टर.

तुमच्या पेशंटचा मुलगा