नंदे, ती उंचीची यादी बाजूला ठेव

संगमनेर,
श्रावण

प्रिय नंदे,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. डिसेंबरात येताय, तिकिटं निघाली, हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पोरांना डोंगर दाखवायचे म्हणून तुझ्या लेकानं उंचीप्रमाणे शिखरांची यादी करून पाठवलीय, तीही पाहिली. यादी चोख आहे, पोरगा तुझ्यावरच गेलाय. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, मग खाली उतरत उतरत बाकीचे. उंचीचं अप्रूप त्याला वाटणारच. तुमच्या नेदरलँड्समधली सगळ्यात उंच टेकडी सव्वातीनशे मीटरचीसुद्धा नाही म्हणे. त्याला सांग, आपलं संगमनेरचं एस.टी. स्टँड त्याहून उंचावर आहे.

पण बाई, त्या यादीप्रमाणे फिरलात तर दर ठिकाणी धापा टाकाल, फोटो काढाल आणि विमानात बसाल. बँकेच्या राजूरच्या शाखेत माझी बदली झाली होती तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. डोंगर बघायचा तर पायथ्याच्या माणसाला तो काय देतो आणि काय देत नाही, ते आधी विचारायचं. उंची मग आपोआप कळते, गुडघ्यांना.

कळसूबाईपासूनच सांगते. पायथ्याच्या बारी गावातल्या बाया पगाराच्या, रोजगार हमीच्या पैशाला बँकेत यायच्या. त्यांच्यातल्या एका आजीनं मला काउंटरवर उभ्या उभ्या गोष्ट सांगितली. मागं रांग लागली होती, तिला फिकीर नाही. कळसू नावाची कोळ्याची पोर, रानात भटकायची भारी आवड. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एकदा घरातल्या कुणीतरी नेमकं तेच काम सांगितलं. तिनं तोंडातून शब्द न काढता केलं, आणि डोंगर चढून जी गेली ती परत खाली उतरलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. माथ्यावर आता तिचं चिमुकलं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर एका कामवाल्या पोरीच्या नावावर आहे, हे आपल्याला भूगोलात कुणी सांगितलं का गं? उंची तेवढी घोकून घेतली. हल्ली तर 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' म्हणतात, माझं डोकंच फिरतं.

कड्यांना लोखंडी शिड्या आहेत, पोरं सहज चढतील. फक्त शनिवार-रविवारी जाऊ नका. शिडीखाली रांग, वर गोंगाट, आणि वाटेवर पाण्याच्या बाटल्यांचा खच.

माथ्यावरून बघायचं काय, तर पाणी. पश्चिमेला घाटघर, रतनवाडी. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. आणि अकोले तालुका ओलांडून पूर्वेला आलं की आपलं संगमनेर, जेमतेम चार-पाचशे. समुद्रावरून आलेले ढग डोंगराच्या पश्चिम अंगालाच रिकामे होतात, आपल्या वाट्याला उरलेलं. लहानपणी आपण नळाला नंबर लावून भांडायचो ना, त्या भांडणाचं मूळ तिथं आहे. आपली प्रवरा निघते रतनगडावर. गडाच्या पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, मग भंडारदऱ्याचं धरण. १९१० साली इंग्रजांनी काम काढलं आणि १९२६ साली पुरं झालं, म्हणजे धरणाचं यंदा शंभरावं वर्ष. मग रंधा धबधबा, अकोले, आपण, आणि शेवटी नेवासं, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिथून थोडं पुढं गोदावरीत. खालच्या अंगाचा सगळा ऊस, साखर कारखाने, आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या फिया त्या एका डोंगराच्या पाण्यावर.

आणि ज्यांच्या डोक्यावर हा पाऊस पडतो, त्यांच्या बाया एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन झऱ्यावर बसतात, वाटीनं पाणी भरत. काळा कातळ, उभा उतार, पाणी थांबतच नाही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. हे पोरांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. मी दाखवीन.

तिथल्या माणसांचा डोंगराशी व्यवहार वेगळाच असतो. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. तो पैसा आला की शाखेत खात्यांना जरा जीव यायचा. कारवीच्या काठ्यांचे कूड घालून वर शेणमातीनं सारवायचं, झाली भिंत. ही कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलली की अख्खा उतार जांभळा. गुरं डांगी जातीची. त्यांच्या कातडीला असा तेलकटपणा असतो की धो धो पावसात उभी राहिली तरी पाणी अंगात मुरत नाही. राजूरला दरवर्षी त्यांचं प्रदर्शन भरतं, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला की तळवा चिकट होतो. राघोजी भांगरे याच मुलखातला, देवगावचा. सावकार आणि इंग्रज, दोघांच्या विरोधात उठला. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. बँकेत कर्जाची प्रकरणं बघताना मला त्याची आठवण यायची. हे आमच्या साहेबांना अर्थात कधी बोलले नाही.

आता हरिश्चंद्रगड. इथं मात्र मी हटून बसणार, दोन दिवस हवेतच. तुझ्या लेकाच्या यादीत तो बराच खाली गेलाय, उंचीनं कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरांनी कमी म्हणून. पायथ्याच्या पाचनई गावाकडून चढू, ती वाट सोपी. चढताना कातळ नीट बघायला सांग पोरांना. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थर थंड झाला की त्यावर दुसरा. त्यातला टणक थर असेल तिथं उभा कडा, ठिसूळ असेल तिथं उतार आणि झाडी. म्हणून आपला सह्याद्री लांबून पायऱ्या पायऱ्यांचा दिसतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखा लाल पट्टा असतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात वरचा दगड कुजून त्याची माती झाली, ती ही. पुढचा थर आला आणि ती भाजून निघाली. पट्ट्यावर बोट घासलं तर बोट लाल होतं. आपण कुंकू समजून कपाळाला लावलं होतं, आठवतंय? आणि गुरुजी ओरडले होते.

वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, नखशिखांत दगडी. त्याच्याजवळच केदारेश्वराची लेणी. आत अंधार, मध्ये भलंमोठं लिंग, भोवती कमरेइतकं पाणी. मे महिन्यातसुद्धा त्यात पाय घातला की घोट्यातली कळ थेट डोक्यात जाते. लिंगाभोवती चार खांब होते म्हणतात, आता एकच धड आहे. चार खांब म्हणजे चार युगं, तीन संपली, शेवटचा पडला की जग बुडणार. मी प्रदक्षिणा घालताना त्या खांबाला चुकूनही हात लावत नाही. हसू नकोस. इथंच चांगदेवांनी तत्त्वसार लिहिला. चौदाशे वर्षं जगल्याची ज्यांची कथा सांगतात, त्या योग्याला बसायला ही जागा सापडली यात नवल नाही वाटत.

आणि कोकणकडा. त्याबद्दल फार लिहीत नाही, लिहून कळत नाही. एवढंच, की तो सरळ नाही, आत वळलेला आहे, वाटीसारखा, आणि काठावर पालथं झोपूनच खाली बघायचं. उभं राहून नाही, पोरांचा हात सोडून तर मुळीच नाही. खालून वारा भिंतीवर आपटून वर उसळतो, त्यामुळे टाकलेलं पान परत तुझ्याच तोंडावर येतं. पावसाळ्याच्या शेवटी सकाळी पाठीमागं ऊन आणि खाली धुकं असलं, तर धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात इथं पाहिलेलं ते लिहून ठेवलंय. मला एकदाच दिसलं. सोबतची सगळी मंडळी कडेला होती, पण प्रत्येकाला वर्तुळ दिसलं ते स्वतःच्याच डोक्याभोवती! सासूबाई म्हणाल्या, बघ, देवानं मला संत केलं. मीही तेच म्हणत होते.

ब्रह्मगिरी आणि अंजनेरी एका दिवसात उरकू. आमच्याकडच्या दोघी-तिघी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरीच्या फेरीला जायच्या तयारीत आहेत. त्या फेरीतच वाघाला घाबरून पळताना निवृत्तिनाथांची चुकामूक झाली आणि गुहेत गहिनीनाथ भेटले, ही कथा तुला माहीत आहेच. वारकऱ्यांची गुरुपरंपरा अशी डोंगरात वाट चुकून सुरू झाली. गोदावरी इथं उगमाला अरबी समुद्रापासून फक्त ऐंशीएक किलोमीटरवर असते आणि तिकडे न जाता १४६५ किलोमीटर पूर्वेला जाते, कारण पश्चिमेचा कडा उभा आणि पठाराचा कल पूर्वेला. अंजनेरीवर हनुमानाचा जन्म झाला म्हणतात, पण मला तिथली एक वनस्पती जास्त आवडते. तिचा शोध २००६ साली जगासमोर आला आणि नावही या डोंगराचंच मिळालं, सेरोपेजिया अंजनेरिका. कंदीलपुष्पाच्या कुळातली. फूल म्हणजे बोटाएवढी नळी, आत खाली वळलेले केस. माशी वासानं आत जाते आणि अडकते. परागाचं काम झालं की केस सुकतात आणि तिची सुटका. तुम्ही याल तेव्हा ती दिसणार नाही, ती जमिनीखाली कंदात असेल. तिकडे रस्ता, रोपवे वगैरेची बोलणी अधूनमधून निघतात. माझं मत तुला ठाऊक आहे, पानं खर्च करत नाही.

सप्तशृंगीला तुझ्या आईला घेऊनच जायचं. खानदेशातून चैत्रात पायी येणाऱ्या लोकांना ते नुसतं शक्तिपीठ नसतं, माहेर असतं. तुझ्या आईनं बारा गावं सोडली पण वणीची वारी सोडली नाही. २०१८ पासून तिथं ट्रॉली झालीय, तिच्या गुडघ्यांची काळजी नको. २०२२ मध्ये देवीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा लेप उतरवला, तेव्हापासून अठरा हात आणि मूळ कोरीव रूप स्पष्ट दिसतं. आईला आधी सांगून ठेव, नाहीतर म्हणेल ही माझी देवी नव्हे. देवळाच्या माथ्यावरच्या सुळक्यावर यात्रेत रात्री ध्वज लावतात. तो मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. त्या सुळक्याला आपल्यासारख्यांनी नुसतं खालून बघायचं.

तिथून साल्हेर. वाटेत सातमाळेच्या रांगेत धोडप ओळखू येईल, कड्याच्या भिंतीला मधेच चौकोनी खाच आहे. मांगीतुंगीला वेळ मिळाला तर थांबू. कातळात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे, २०१६ मध्ये पुरी झाली. साल्हेर उंचीनं दुसरा, किल्ला म्हणून मात्र राज्यात सगळ्यात उंच. १६७२ मध्ये पायथ्याच्या मैदानात मराठ्यांनी मोगलांना समोरासमोर हरवलं, गनिमी काव्यानं नव्हे. मोरोपंत आणि प्रतापराव दोन बाजूंनी आले. सूर्यराव काकडे तिथंच पडले. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोनं जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा आहे. माथ्यावर परशुरामाचं छोटं देऊळ. इथूनच बाण मारून त्यानं समुद्र मागं हटवला म्हणतात.

पण मी तुम्हाला साल्हेरला नेते ते लढाईसाठी नाही. यंदा अधिक महिना आल्यामुळे मार्गशीर्ष पौर्णिमा नाताळच्या तोंडावर येतेय, म्हणजे तुम्ही इथं असाल. बागलाण-कळवण-सुरगाण्याकडे कोकणा आणि भिल्ल लोकांचा डोंगऱ्यादेव तेव्हाच असतो. ज्यांनी नवस केलाय ते काही दिवस व्रतस्थ राहतात, पायात चप्पल नाही, रात्र रात्र पावरी वाजते आणि त्या सुरावर सगळे फेर धरतात. शेवटी रात्री डोंगरावर जाऊन गुहेच्या तोंडाशी पूजा. मूर्ती नाही, कळस नाही, डोंगर हाच देव. पावरी म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं वाद्य. जवळून ऐकलं की छातीत घुमतं. मात्र हा बघायचा कार्यक्रम नव्हे. गावात ओळखीनं विचारून, हो म्हणाले तर बाजूला बसायचं. मोबाइल पिशवीत. लेकाला आत्तापासून बजाव.

त्याची यादी फेकू नकोस गं, त्यात उंचीशेजारी एक रकाना वाढवायला सांग, 'इथलं पाणी कुठं जातं'. साल्हेरचा भरताना त्याची जरा दमछाक होईल.

गाडी मी इथूनच ठरवते, नाशिकहून टॅक्सीची भानगड करू नका. थंडीचे कपडे भरपूर आणा, गडावर पहाटे दात वाजतात. आणि नक्की किती जण ते लवकर कळव. पाचनईला जेवणाचं आधी सांगावं लागतं, आणि तुझे हे नाचणीची भाकरी खातात की त्यांच्यासाठी भात टाकायला सांगू, तेही लिही.

तुझी,
वसू