हरायची तयारी ठेवलेला अध्यक्ष

सातारा,
रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तावातावाने बोललास आणि मला मध्ये तोंड घालू दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. आता गुमान वाच. तुझं म्हणणं असं, की देशावर खरंच गदा आली की नियमबियम बाजूला ठेवणारा खमका माणूसच लागतो. दाखला दिलास अमेरिकेच्या अध्यक्ष लिंकनचा. "त्याने कुठे पाळले कायदे? पण देश राखला ना!" अरे, एवढे दाखले पडलेले असताना तू नेमका तुझ्याच अंगावर येणारा उचललास.

तुझं निम्मं बरोबर आहे, ते आधीच देऊन टाकतो. एप्रिल १८६१ मध्ये गुलामगिरीवरून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांनी सरकारच्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या, यादवी सुरू झाली आणि आठवड्याभरात बाल्टिमोरमध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या सैनिकांवर जमाव तुटून पडला. राजधानीचा उरलेल्या देशाशी संबंध तुटायची वेळ आली. तेव्हा लिंकनने फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या मार्गावर हेबियस कॉर्पस स्थगित करायचा अधिकार लष्कराला दिला. म्हणजे पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे उभं करा, असं कोणी म्हणू शकत नव्हतं. सरन्यायाधीश टेनी म्हणाले, हा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिकडच्या संसदेचा, अध्यक्षाचा नाही. लिंकनने ऐकलं नाही. ४ जुलैला काँग्रेस भरली तेव्हा त्याने उलट विचारलं, की एक कायदा मोडू नये म्हणून बाकीचे सगळे धाब्यावर बसू द्यायचे आणि सरकारच मोडून पडू द्यायचं का? काँग्रेसने त्याला रीतसर कायदा करून दिला तो मार्च १८६३ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही हजारो माणसं आत गेली, वर्तमानपत्रं बंद पडली. कोर्टं चालू असताना साध्या नागरिकांवर लष्करी खटले चालवणं बेकायदा, असं सुप्रीम कोर्टाने १८६६ मध्ये सांगितलं, तेव्हा लिंकन जिवंतही नव्हता. यातलं सगळं काही मी त्याच्या बाजूने लढवणार नाही. त्याच्याआधीचे बुकॅनन साहेब फुटून निघणं बेकायदा आहे म्हणायचे आणि ते थांबवायचा आपल्याला अधिकार नाही असंही म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत सात राज्यं गेली. त्या मानाने लिंकन परवडला, एवढंच.

पण तुझी गोष्ट इथेच संपते. माझी १८६४ च्या उन्हाळ्यात सुरू होते.

त्या उन्हाळ्याचं चित्र डोळ्यांपुढे आण. लिंकनचा सरसेनापती ग्रँट दक्षिणेच्या व्हर्जिनिया राज्यात शिरला आणि मे-जून या दोन महिन्यांतच त्याच्या सैन्यातली पन्नास हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पुढे तो पीटर्सबर्गपुढे अडकला, त्याचा दुसरा जनरल शर्मन अटलांटा शहरापुढे अडकला. जुलैत बंडखोरांचा जनरल अर्ली थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर येऊन धडकला. त्याच महिन्यात लिंकनने आणखी पाच लाख माणसं मागितली. ज्या वर्षी निवडणूक त्याच वर्षी घराघरातून पोरं मागायची! जॅक्सननंतर, म्हणजे १८३२ नंतर, एकही अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आलेला नव्हता. लिंकनच्याच पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष हेन्री रेमंड याने ऑगस्टमध्ये त्याला पत्र लिहून कळवलं, की वारं पार उलटं फिरलंय. लोक लढाईला विटलेत, आणि तुम्ही गुलामगिरी संपवायचा हट्ट धरलाय म्हणून तह होत नाही, असं त्यांना वाटतंय.

अशा वेळी तुझा खमका माणूस काय करील? निवडणूक पुढे ढकलील. निमित्त तर आयतंच होतं. अकरा राज्यं फुटलेली, अर्धा देश रणांगण. इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धात हेच केलं, १९३५ ची पार्लमेंट १९४५ पर्यंत चालवली, आणि इंग्रजांना कोणी हुकूमशहा म्हणत नाही. आपल्याकडे १९७६ ची लोकसभा निवडणूक कशी लांबवली ते आपल्या पिढीला सांगायला नको.

लिंकनने काय केलं ते ऐक. २३ ऑगस्टला त्याने एका कागदावर चार ओळी खरडल्या. आशय असा: हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही अशीच दाट शक्यता दिसते. तसं झालं तर निवडणूक आणि शपथविधी यांच्या मधल्या काळात, नव्या अध्यक्षाच्या हातात हात घालून, संघराज्य वाचवणं हे माझं कर्तव्य राहील. कारण तो ज्या भूमिकेवर निवडून येईल, ती धरून नंतर त्याला ते वाचवता येणारच नाही. कागदाची घडी घातली, डिंकाने चिकटवली आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत प्रत्येकाला पाठीमागे सही करायला लावली. आत काय आहे ते एकालाही दाखवलं नाही. परराष्ट्रमंत्री सिवर्ड, युद्धमंत्री स्टँटन यांच्यासारखी डोईजड माणसं, पण मुकाट्याने सह्या केल्या!

मला त्या चार ओळींत सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू? त्यात कुठेच "मी पायउतार होणार नाही" नाही. हरलो तर देश बुडेल, असं तो अगदी स्पष्ट लिहितो, आणि तरीही मार्चमध्ये खुर्ची सोडणार हे गृहीतच धरतो. जेवढा वेळ घटनेने दिलाय, नोव्हेंबर ते मार्च, तेवढ्यातच जे करायचं ते करायचं. तुमच्या अमेरिकेत हल्ली दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात ना, की आपला माणूस हरला तर देश संपला? लिंकनलाही तेच वाटत होतं, आणि त्याला तसं वाटायला खरोखरच कारण होतं.

हातपाय गाळून बसला होता असं मात्र नाही. त्या कागदाच्या चार दिवस आधी, १९ ऑगस्टला, त्याने फ्रेडरिक डग्लसला बोलावून घेतलं. स्वतः गुलामीतून पळून आलेला, लिंकनवर जाहीर टीका करणारा हा माणूस. त्याला लिंकनने सांगितलं, की मी गेलो आणि तह झाला तर जे गुलाम अजून दक्षिणेत आहेत ते तिथेच अडकतील, तेव्हा होतील तेवढे आमच्या हद्दीत आणायची योजना कर. त्याच दिवशी भेटायला आलेल्या दुसऱ्या मंडळींना तो म्हणाला, की आपल्यासाठी लढलेल्या काळ्या सैनिकांना परत गुलामीत ढकला असं मला सुचवणारे आहेत. तसं केलं तर इहलोकी आणि परलोकी मी शापित ठरेन. म्हणजे खुर्ची सोडायला तयार, शब्द सोडायला नाही. आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती हे काम तडीस गेलं म्हणूनच.

(जाता जाता: या लढाईने आपली मुंबईही हलवली होती. दक्षिणेचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा बोकाळला. १८६५ मध्ये तिकडे शांतता झाली आणि इकडे भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. त्या ऑगस्टमध्ये लिंकन पडावा म्हणून नाही, पण लढाई लांबावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेले शेठजी आपल्याकडे नक्की असतील.)

पुढचं तुला माहीत आहे. शिकागोत विरोधी डेमोक्रॅट पक्षाने तहाचा जाहीरनामा काढला आणि उमेदवार दिला जनरल मॅक्लेलन, लिंकननेच दोन वर्षांपूर्वी सेनापतिपदावरून काढलेला. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि वारं पुन्हा फिरलं. लिंकन काही साधू नव्हता बरं का. इंडियानाच्या सैनिकांना छावणीतून मत देता येत नव्हतं, तर त्यांना राज्याच्या निवडणुकीसाठी घरी सोडता आलं तर बघ, असं त्याने शर्मनला लिहिलं. हा हुकूम नाही, अशी मखलाशीही केली. ८ नोव्हेंबरला निवडणूक झाली आणि अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या मतांत २१२ विरुद्ध २१ असा निकाल लागला. सैनिकांची तर अंदाजे तीन चतुर्थांश मतं त्याला पडली. लढाई थांबली असती तर जे जगले असते, त्यांनीच ती चालू ठेवायला मत दिलं. याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही.

दोन दिवसांनी अभिनंदन करायला जमलेल्या लोकांना तो म्हणाला, की निवडणुकांशिवाय स्वतंत्र सरकार असूच शकत नाही, आणि बंडामुळे आपल्याला निवडणूक रद्द करावी किंवा लांबवावी लागली असती, तर बंडाने आपल्याला आधीच जिंकलं असं म्हणावं लागलं असतं. तुझ्या मुद्द्याला एवढं उत्तर पुरे आहे.

पण खरी मजा ११ नोव्हेंबरची. मंत्रिमंडळात लिंकनने तो कागद काढला आणि आपला सेक्रेटरी जॉन हे याला म्हणाला, न फाडता उघडता येतो का बघ. असा काही चिकटवला होता की शेवटी कापावाच लागला. वाचून झाल्यावर त्याने सांगितलं, मॅक्लेलन निवडून आला असता तर मी त्याला म्हणालो असतो: जनरल, लोकांवर तुमचं वजन जास्त आहे हे सिद्ध झालं. आता तुम्ही जमतील तेवढी माणसं उभी करा, मी सरकारची सगळी ताकद लावतो, आणि दोघं मिळून लढाई संपवू. हा तोच मॅक्लेलन, ज्याने १८६१ मध्ये घरी आलेल्या अध्यक्षाला बैठकीत ताटकळत ठेवलं आणि स्वतः वर जाऊन झोपला! सिवर्ड म्हणाला, "तो जनरल 'हो, हो' म्हणाला असता, दुसऱ्या दिवशीही 'हो, हो' म्हणाला असता, आणि केलं काहीच नसतं." लिंकनचं उत्तर: निदान माझं कर्तव्य मी केलं असतं, माझ्या मनाशी मी मोकळा राहिलो असतो.

मला विचारशील तर सिवर्डचंच खरं. मॅक्लेलनने काहीही केलं नसतं.

आणि हो, ती २१ मतं कुणी दिली माहीत आहे? केंटकी, डेलावेअर आणि तुझी न्यू जर्सी! पुढे त्याच मॅक्लेलनला तुम्ही गव्हर्नरही केलंत. ट्रेंटनला त्याची कबर आहे. तुझ्या एडिसनहून काही लांब नाही, एखाद्या रविवारी वहिनींना घेऊन जाऊन ये आणि फोटो पाठव. आणि या पत्राला फोनवर उत्तर देऊ नकोस. लिहून पाठव, म्हणजे मलाही खोडता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अव्या