कुंझुम खिंडीतला बर्फ दरवर्षी पडतो, त्याला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणू नका

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘चारही ऋतूंत स्पिती’ सहलीचे पैसे परत करण्यास नकार

आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीने माझं वाक्य अर्ध्यात तोडलं आणि “मॅडम, पॉलिसी आहे” म्हणून फोन ठेवला, म्हणून हे पत्र. बुकिंगचे तपशील सोबत जोडले आहेत. ते पुन्हा विचारू नका, प्रत्येक फोनवर तेच सांगून झालं आहे.

३ मेच्या सहलीत तुम्ही आम्हाला काय विकलंत, ते आधी वाचा. पहाटे मनाली सोडायची, अटल बोगद्यातून कोकसर, ग्रांफू, बातल करत चंद्रताल तलावाजवळ तंबूत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी कुंझुम खिंड ओलांडून काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव. मुलांच्या परीक्षा संपल्याशिवाय निघता येणार नाही हे मी बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. “तेव्हा रस्ता सुरू असतो ना?” असं स्पष्ट विचारलंही होतं. “आमची स्पिती बारा महिने सुरू असते,” हे तुमचं उत्तर माझ्याकडे मेलवर आहे.

स्पिती बारा महिने सुरू असते, पण शिमल्याकडून: रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो या वाटेने. मनालीकडची वाट साडेचार हजार मीटरच्या वर असलेल्या कुंझुमवरून जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फ धरला की ती बंद, आणि सीमा सडक संघटना बर्फ कापून काढेल तेव्हा उघडणार, साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये, एखाद्या वर्षी थोडी आधी. चंद्रतालचे तंबू तर त्याहून उशिरा लागतात. हे सगळं तुम्हाला मी सांगायचं? सहली तुम्ही विकता की मी? तुमच्या माहितीपत्रकात चंद्रतालचा जो निळाशार फोटो आहे, त्यात मागचे डोंगर कोरडे, तपकिरी आहेत, बर्फाचा ठिपका नाही. तो मेच्या पहिल्या आठवड्यातला नाही, हे फोटो निवडणाऱ्यालाही कळलं असेल.

आता आजच्या संभाषणाबद्दल. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीलाच सांगतात, तेव्हा ते जरूर ऐका. मी विचारलं, कुंझुम उघडला आहे का? उत्तर आलं, “मॅडम, अटल टनेल झालंय ना, आता बर्फाचा प्रश्नच नाही.” मी म्हटलं, तो बोगदा रोहतांग खिंडीचा चढ वाचवतो, कुंझुम पुढे आहे, त्याच्याखाली कुणी बोगदा काढलेला नाही. थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, “मॅडम, कुंझुम टनेलच्या आधी येतं की नंतर?” ज्यांनी मला ही सहल विकली, त्यांना मी फोनवर हिमाचलचा भूगोल शिकवत होते, आणि तोही माझ्या जेवणाच्या सुट्टीत.

मग होल्ड, तीच सनई, आणि एक ‘सीनिअर’. ते म्हणाले, रस्ता बंद असेल तर आम्ही तुम्हाला सिस्सूला स्नो पॉइंट करून देऊ, तुम्हाला बर्फच बघायचा आहे ना? मी म्हटलं, सिस्सू बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये आहे, मला स्पितीला जायचं आहे. त्यावर हे गृहस्थ अतिशय शांतपणे म्हणाले, “मॅडम, सिस्सू लाहौल-स्पितीतच येतं. जिल्हा तोच.”

जिल्हा तोच! मानलं तुम्हाला. ‘की’ गावचा गोम्पा (बौद्ध मठ) नाही, ताबोचा ९९६ साली स्थापन झालेला मठ नाही, हिक्कीमचं पोस्ट ऑफिस नाही, पण जिल्हा तोच. ही हुशारी कार्यक्रम आखताना वापरली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

सोबत सासूबाई आहेत, वय ६८. मनाली सुमारे २,००० मीटरवर आणि चंद्रताल सव्वाचार हजारांच्या आसपास. एका दिवसात एवढं चढून त्याच रात्री तिथे झोपायचं? तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. तुमचं उत्तर: “गाडीत ऑक्सिजन असतो, आणि ड्रायव्हर कापूर देतो.” कापूर!

मी तोडगाही सुचवला होता. आम्हाला शिमल्याकडून न्या, सांगला, कल्पा, नाको, ताबो असं टप्प्याटप्प्याने. शरीरालाही सवय होते आणि रस्ताही सुरू असतो. त्यावर कळलं की ते ‘वेगळं प्रॉडक्ट’ आहे, फरकाची रक्कम भरा, शिवाय आधीच्या बुकिंगचं रद्द शुल्कही भरा. आणि पैसे परत? ते मिळणार नाहीत, कारण रस्ता बर्फाने बंद असणं ही ‘नैसर्गिक आपत्ती’.

उद्या जुलैत किन्नौरमध्ये दरड कोसळून आम्ही अडकलो असतो, तर मी अवाक्षर काढलं नसतं. ती आपत्ती. कुंझुमवर मेच्या सुरुवातीला बर्फ असणं ही आपत्ती कशी? तो दरवर्षी असतो. तुम्ही सहल छापलीत तेव्हाही तो पडणार हे ठरलेलंच होतं. जूनमध्ये कोकणात पाऊस आला म्हणून कुणी आपत्ती जाहीर करतं का?

माझ्या सासऱ्यांनी चारधाम तुमच्याच कंपनीबरोबर केलं होतं. तेव्हाच्या तुमच्या टूर मॅनेजरने पावसाची चिन्हं बघून स्वतःहून कार्यक्रम बदलला आणि एक पैसा जास्त घेतला नाही. ते अजून त्यांचं नाव काढतात. तो माणूस नोकरी सोडून गेला असावा, नाहीतर हे झालं नसतं. तुमच्या भरवशावर चंदीगडची विमानाची तिकिटंही आम्ही काढून बसलो आहोत.

तेव्हा आता दोनच पर्याय. त्याच तारखांना, त्याच पैशांत शिमल्याकडून सहल, नाहीतर कोणतीही कपात न करता पूर्ण रक्कम. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी हे दोन्ही शब्द आहेत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फीही लागत नाही, त्यामुळे मी कंटाळून सोडून देईन या आशेवर राहू नका.

आणि कृपा करून फोन करू नका. उत्तर मेलवरच हवं, म्हणजे आयोगापुढे जोडता येईल.

बुकिंग केलेली ग्राहक