तुझं लसीचं कार्ड सापडलं

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

बाळाच्या दुपट्यांसाठी जुन्या सुती साड्या काढत होते, तर कपाटाच्या तळाशी तुझं लसीकरणाचं कार्ड मिळालं. घडीवर विरलंय, कोपऱ्याला माझं हळदीचं बोट उमटलंय, पण तारखा वाचता येतात. शेवटची नोंद २०१२ सालची, दहावीत घेतलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची. कार्ड भरलं म्हणजे जन्माची काळजी मिटली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तसं नसतं, हे गेल्या महिन्यात कळलं. परसात आळी करताना बाबांच्या पायावर कुदळ बसली. जखम धुता धुता डॉक्टरांनी विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं?" बाबा म्हणाले, "स्कूटरवरून पडलो तेव्हा." ते साल काही दोघांनाही आठवेना. आपण गंजाला घाबरतो, पण ते जंतू माती-शेणात असतात. लशीचा जोर हळूहळू ओसरतो, म्हणून मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायचा. जखम मळकट असेल तर पाच वर्षं उलटली तरी घ्यायचा. गोवराच्या लशीचे दोन डोस बहुतेकांना जन्मभर पुरतात, हिचं तसं नाही. धनुर्वात तर एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो.

पण मृणाल, मला जास्त धास्ती डांग्या खोकल्याची आहे. ट्रिपलचे, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचे, तुझे सगळे डोस झालेत, पाचव्या वर्षीचा बूस्टरसुद्धा. तरी त्या खोकल्यापासूनचं संरक्षण काही वर्षांतच उतरतं. मोठ्या माणसाला तो झाला तर नुसता लांबलेला खोकला वाटतो, आलं-मध चाटत आपण घरभर वावरतो. तान्ह्याला कधी कधी धड खोकताही येत नाही गं. श्वासच अडतो, ओठ निळे पडतात. आणि बाळाला त्यावरची पहिली लस मिळते दीड महिन्याचं झाल्यावर. तोवर त्याच्याजवळ तू दिलेलं असेल तेवढंच.

म्हणून गरोदरपणाच्या सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात टीडॅप घ्यायची, म्हणजे त्याच तिन्ही रोगांवरची मोठ्यांची लस. तुझ्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. सरकारी दवाखान्यात गरोदरपणी टीडी म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, तीही हवीच, पण तिच्यात डांग्या खोकला येत नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंना नाव घेऊन विचार. तुला आता अठ्ठाविसावा लागलाय.

घरात बाळ येणार हे ऐकून डॉक्टरांनी बाबांना त्या दिवशी टीडॅपच दिली. मीही घेतली, दंड दोन दिवस ठणकला इतकंच. जावईबापूंना आणि विहीणबाईंनाही सांग. बाळाला हातात घेण्याआधी दोन आठवडे तरी घेतलेली बरी.

कार्डाच्या मागे जागा आहे. तुझी तारीख कळव, मी लिहून ठेवते.

तुझी,
आई